केशवराव वकील आणि आमच्या हातातली नोटीस

पेनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना एक अनुभव नवा नाही. समितीच्या बैठकीला कोणी शेतकरी येतो, सगळ्यांचे बोलणे मुकाट्याने ऐकतो आणि उठायच्या वेळी पिशवीतून घडी घातलेला कागद काढतो. मागे असेच एक वृद्ध गृहस्थ आले होते. कागद जमिनीच्या वादातला होता, तेलुगूत छापलेला. घरात तेलुगू वाचणारे कोणी नाही. नातू मराठी शाळेत शिकलेला, त्याला बोलता येते पण कार्यालयाची तेलुगू उमगत नाही. आम्ही कागद वाचला तेव्हा कळले, की हजर राहण्याची तारीख चार दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. म्हातारबा एवढेच म्हणाले, "गुरुजी, आता आपलं म्हणणं मांडणार कोण?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला शंभर वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवतो. निजामाच्या राज्यात लोक त्यांना केशवराव वकील म्हणून ओळखत. पूर्ण नाव केशवराव कोरटकर. आमच्या नव्या पिढीला हे नाव ठाऊक नाही, आणि जुन्या पिढीतल्यांनाही बहुधा हैदराबादच्या शाळेवरची पाटी तेवढी आठवते. पण आज सीमाभागात आम्ही ज्या अडचणीत आहोत, त्याच अडचणीत या माणसाने आपले आयुष्य उभे केले. म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द.

पूरजळ ते गुलबर्गा

केशवरावांचा जन्म १८६७ सालचा. गाव पूरजळ. ते तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते हिंगोलीत आहे. म्हणजे आदिलाबादहून फार दूरचा मुलूख नव्हे. किनवट, हदगाव, कळमनुरीकडे आमच्या सोयरिकी आहेत, त्याच पट्ट्यातला.

वकिली करून त्यांनी बस्तान बसवले ते गुलबर्ग्याला. गुलबर्गा हे तेव्हा सुभ्याचे ठिकाण. निजामाच्या राज्याचे चार सुभे होते आणि प्रत्येक सुभ्यात काही जिल्हे. गुलबर्गा सुभ्यात गुलबर्गा, रायचूर आणि बीदरबरोबर आजचे धाराशिव म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हाही येत असे. त्यामुळे त्या गावात कानडी, मराठी आणि उर्दू या तीन भाषा एकाच बाजारात चालत. मुंबई-पुण्याच्या मानाने गाव लहान, पण कोर्टकचेरीमुळे गजबजलेले. दूरदूरचा शेतकरी बैलगाडीने किंवा आगगाडीने येई, धर्मशाळेत उतरे आणि सकाळी वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसे.

त्या ओसरीवर काय चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. निजामाच्या राज्यात आधी कारभार फारसीत होता. १८८४ च्या सुमारास फारसी गेली आणि तिच्या जागी उर्दू आली. शेतकरी बोले मराठी किंवा कानडी, दावा लिहावा लागे उर्दूत, साक्ष नोंदली जाई उर्दूत, निकालही उर्दूत. फिर्यादी स्वतःच्याच खटल्यात मुका असे. त्याचे म्हणणे ऐकून, त्यातले कामाचे तेवढे वेचून, ते सरकारी भाषेत उभे करणारा माणूस म्हणजे वकील. वकील हा शब्दच मुळी आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, असा त्याचा अर्थ. पेशी, जामीन, फिर्याद, दस्तऐवज, फैसला हे शब्द आजही आमच्या खेड्यातली निरक्षर म्हातारी वापरते, ते याच कोर्टकचेऱ्यांतून घरी आलेले आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी महसूल वसूल करणारा अधिकारी आणि न्याय देणारा अधिकारी पुष्कळदा एकच असे. ज्याने सारा थकला म्हणून नोटीस काढली, त्याच्याच समोर तक्रार न्यायची. हैदराबाद राज्यात न्यायखाते कारभारापासून वेगळे झाले ते १९२१ साली. त्याआधीच्या काळात अधिकाऱ्यासमोर उभा राहून, त्याच्याच भाषेत, न घाबरता बोलणारा वकील ही गरिबाला केवढी मोठी सोय होती, याची कल्पना करता येते.

हैदराबाद : कमाई उर्दूतून, काम मराठीचे

१८९६ साली केशवराव गुलबर्गा सोडून हैदराबादला आले. राजधानीत त्यांची वकिली नावारूपाला आली. पुढे ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पूरजळसारख्या खेड्यातला मराठी मुलगा उर्दू चालणाऱ्या राज्याच्या वरिष्ठ न्यायासनापर्यंत पोहोचला, ही गोष्ट लहान नव्हे. राज्यभाषेवर हुकूमत नसती तर हे शक्य झाले नसते. आपली भाषा मराठी म्हणून उर्दू शिकणार नाही, असे ते म्हणत बसले नाहीत.

पण आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. उर्दूतून मिळवलेला पैसा आणि प्रतिष्ठा त्यांनी कशात घातली? १९०७ साली वामनराव नाईक आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हैदराबादेत विवेक वर्धिनी ही शाळा उभी केली. सरकारने काढलेली नव्हे, लोकांनी काढलेली शाळा. ती सुरुवातीला लहान होती. आज तिचा मोठा पसारा आहे, शाळा आहेत, महाविद्यालये आहेत. हैदराबादच्या मराठी माणसाला आजही विवेक वर्धिनी म्हटले की आपल्या घरचे नाव घेतल्यासारखे वाटते.

त्या काळात अशी शाळा काढणे म्हणजे काय, हे आज लक्षात येत नाही. राज्यातली सुमारे निम्मी माणसे तेलुगू बोलणारी, चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कानडी; आणि उर्दू ही दहांतल्या एकाची भाषा. तरी शिक्षणात जसजसे वर जावे तसतशी उर्दू येई. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे शिक्षक म्हणून आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ती देशी भाषा आमची नव्हती, आणि राज्यातल्या बहुतेकांचीही नव्हती. पुढे खासगी शाळांवर सरकारी परवानगीची बंधने आली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी लहान शाळा बंद पडल्या. सभा भरवायलाही परवानगी लागू लागली. याचमुळे हैदराबाद राज्यातल्या लोकांना आपली राजकीय परिषद राज्याबाहेर भरवावी लागली. पहिली १९२३ साली काकिनाड्याला भरली, पुढची मुंबईला, मग पुण्याला, आणि १९३१ साली अकोल्याला.

अशा राज्यात केशवरावांसारख्यांनी शाळेचा मार्ग धरला. ते आर्य समाजाचे होते, हैदराबादच्या समाजाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. त्यांची सगळी मते सर्वांना पटावीत असे नाही, आणि तो या लेखाचा विषयही नाही. आमच्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की मोठ्या पगाराच्या माणसाने आपल्या भाषेच्या शाळेसाठी वेळ दिला, पदरमोड केली आणि दुसऱ्यांनाही करायला लावली.

१९३२ साली केशवराव वारले. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार हे बॅरिस्टर. पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री आणि १९५७ च्या लोकसभेत खासदार झाले. १९४० साली केशवरावांच्या नावाने हैदराबादला नारायणगुड्यात केशव स्मारक विद्यालय निघाले. वकिलाच्या नावाने पुतळा न उभारता शाळा उभारली गेली, हे त्यांना शोभेलसेच झाले.

आमच्या घरात घडलेली चूक

इथे एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सीमाभागातल्या व्यासपीठांवर ती सहसा सांगितली जात नाही.

नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादला निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. जागा होती विवेक वर्धिनीचे नाट्यगृह. म्हणजे आपल्याच माणसांनी बांधलेली वास्तू आणि आपलाच अध्यक्ष. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. तेव्हा सभेतल्या लोकांनी टाळ्या पिटून, गलका करून त्यांची थट्टा केली.

राज्यात सर्वांत जास्त लोकांची भाषा तेलुगू. तिचा अपमान मराठी संस्थेच्या छपराखाली झाला. तेलुगू मंडळी तिथून उठून गेली. टेकमाल रंगाराव यांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव ही त्या चळवळीतली पुढची मोठी नावे, आणि हे दोघेही वकीलच. जनसंघातून पुढे आंध्र महासभा निघाली. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगिपेटला भरले. बुर्गुल रामकृष्णराव १९५२ साली हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. मराठी भागाची महाराष्ट्र परिषद मात्र पहिल्यांदा भरली ती १९३७ साली, परतूरला. म्हणजे ज्यांची आम्ही थट्टा केली, ते आमच्याआधी संघटित झाले.

अपमान झालेल्या लोकांनी काय केले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्यांनी वाचनालये काढली, शाळा काढल्या, सभा भरवल्या, तेलुगू वर्तमानपत्रे चालवली. त्यांनीही केशवरावांचाच मार्ग धरला. आज कार्यालयात मराठी बोलणाऱ्याकडे कोणी तुच्छतेने पाहिले की आमच्या अंगाची लाही होते, आणि ते साहजिक आहे. पण त्या क्षणी १९२१ ची ती सभाही आठवावी. भाषेचा अपमान म्हणजे काय, हे तेलुगू माणसाला शिकवायची गरज नाही. तो आमच्याच घरी शिकून गेला आहे. त्याच्याशी बोलताना या आठवणीचा आधार घेतला तर तो आमचे म्हणणे लवकर समजून घेईल, असा आमचा अनुभव आहे.

ज्यांना वकील मिळाला नाही

आणि आमच्या जिल्ह्यात अशीही माणसे होती, ज्यांच्या भाषेतून कोर्टात कोणीच बोलले नाही. आदिलाबादचे गोंड आणि कोलाम पिढ्यान्पिढ्या जमीन कसत होते. पट्टा म्हणजे काय, पहाणीत नाव नसले तर काय होते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. बाहेरून येणाऱ्यांना कागदाची विद्या अवगत होती. त्यांनी जमिनी नावावर करून घेतल्या. या बाहेरून येणाऱ्यांत तेलुगू होते, उर्दू बोलणारे होते, तसे मराठी बोलणारेही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४० साली कुमराम भीम जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात पडले, त्याच्या मुळाशी जमीन आणि जंगल यांचे हेच दुखणे होते.

त्यानंतर सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ या भागात आले. मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र १९४३ साली निघाले आणि गोंडीतली पहिली वाचनपुस्तके नागरी लिपीत तयार झाली. सेतुमाधवराव पगडी हे आपले इतिहासकार तेव्हा हैदराबादच्या सरकारी नोकरीत होते. ते गोंडी शिकले आणि आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी पुस्तक लिहिले. मराठी अधिकाऱ्याने आदिवासीची भाषा शिकून त्याचे म्हणणे ऐकणे, हीसुद्धा एक प्रकारची वकिलीच झाली.

हे सांगण्याचे कारण असे, की भाषेचा प्रश्न शेवटी जमिनीवर येऊन पोहोचतो. ज्याला सरकारी कागद वाचता येत नाही आणि ज्याच्या वतीने वाचणारा कोणी नाही, त्याची जमीन सुरक्षित नसते. आमच्या जिल्ह्याने हे एकदा पाहिले आहे.

१९५६ नंतर

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबादमधले किनवट आणि राजुरा हे तालुके नांदेडकडे गेले. राजुरा पुढे १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. उलट नांदेडमधला मुधोळ, भैंसा, कुबेरचा भाग आदिलाबादला आला. रेघ ओढली गेली. पण माणसे, सोयरिकी, बाजार, देवाच्या जत्रा होत्या तिथेच राहिल्या. जैनद, बेला, तामसी, तलमडगू भागात आणि मुधोळ-भैंशाकडे मराठी घरे राहिली. २०१४ साली तेलंगणा झाले, २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. सरकारी पत्ता बदलला, नोटिशीची भाषा तेलुगूच राहिली.

घटनेने आम्हांला अगदी उघड्यावर टाकलेले नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्याने करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. कलम ३५० प्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडता येते. म्हणजे मराठीत लिहिलेला अर्ज भाषेच्या कारणावरून परत करता येत नाही. उत्तरही मराठीतच द्यावे, असे मात्र त्यात म्हटलेले नाही. तेव्हा त्याची आशा धरून तारीख चुकवू नये.

दुसऱ्या बाजूला २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू हा विषय सक्तीचा झाला. त्यावर आमच्या समितीत बरीच चर्चा झाली. काहींना ही मराठीवरची कुऱ्हाड वाटली. आमचे मत वेगळे आहे. मराठी माध्यमाची शाळा बंद करून तेलुगू लादली तर तो अन्याय, आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण मराठी शाळेतल्या मुलाला तेलुगू हा विषय चांगल्या शिक्षकाकडून शिकायला मिळत असेल, तर त्याला विरोध कशाला? केशवराव उर्दू शिकले म्हणून मराठी विसरले नाहीत. उलट उर्दू आली म्हणूनच ते मराठीसाठी काही करू शकले.

आपला केशवराव कुठून येणार?

आमच्या सीमाभागात सभा पुष्कळ झाल्या, ठराव पुष्कळ झाले. आम्हीही त्यांत हात वर केले आहेत आणि पुढेही करू. परंतु ठराव नोटीस वाचत नाही. नोटीस वाचायला माणूस लागतो.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. एक, प्रत्येक गावात तेलुगू वाचता येणारी दोन मुले-मुली ठरवावीत आणि सरकारी कागद हाती पडला की त्याच दिवशी त्यांच्याकडून वाचून घ्यावा. पोथी-पंचांग वाचणारा जसा गावाला लागतो, तसाच हा. दोन, अर्ज मराठीत द्यायचा असेल तर तो जरूर द्यावा, पण त्याची प्रत आणि पोचशिक्का आपल्याजवळ ठेवावा. जमले तर सोबत तेलुगू भाषांतर जोडावे. तीन, पट्टादार पासबुकावर नाव, क्षेत्र आणि सर्व्हे नंबर बरोबर आहे का, हे वर्षातून एकदा कोणाकडून तरी वाचून घ्यावे. चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची : दहावी-बारावी झालेल्या हुशार मुलांनी वकिलीचा विचार करावा, आणि घरच्यांनी त्याला पाठिंबा द्यावा. आम्ही मुलांना डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक करतो. तेलुगू, इंग्रजी आणि मराठी तिन्ही भाषांत पक्का असलेला वकील आमच्या गावांना हवा आहे, आणि मुलगी असेल तर अधिकच चांगले. कारण जमिनीच्या वाटणीत सर्वांत आधी आवाज दबतो तो बाईचा.

अशा मुलांच्या शिक्षणासाठी गावाने थोडी थोडी वर्गणी काढली तर ती वाया जाणार नाही. विवेक वर्धिनीचा पहिला पैसाही कुणाच्या तरी खिशातूनच आला होता.

त्या वृद्ध गृहस्थांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो. उशीर का झाला, हे तेलुगूत लिहून दिले आणि पुढची तारीख मागून घेतली. ती मिळाली. प्रकरण अजून चालू आहे. परतताना बसमध्ये ते म्हणाले, "गुरुजी, दर वेळी तुम्ही कुठं येणार?"

त्यांचा नातू यंदा बारावीला आहे. त्याच्या तेलुगूचा अभ्यास आम्ही घेत आहोत. पुढच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला, की आम्ही त्याला केशवराव वकिलांची गोष्ट सांगणार आहोत.